दोन मीटरवरून पाहायचा बिबट्या

वन्यजीवाचा एखादा फोटो मोठ्या कॅनव्हासवर छापायचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘३०० डीपीआय आहे ना?’ डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. तेवढे नसतील तर फोटो फाटणार, म्हणजे त्यातले ठिपके सुटे दिसणार, असा निकालही लगेच लागतो. या एका आकड्यापायी कितीतरी चांगले फोटो हार्डडिस्कवरच पडून राहतात आणि ३०० चा आकडा गाठलेले कितीतरी फोटो भिंतीवर मऊ, मरगळलेले दिसतात. दोन्हीचं कारण एकच. चित्र किती लांबून पाहिलं जाणार आहे, हा हिशेब कुणी केलेला नसतो. हा हिशेब डोळ्याचा आहे, म्हणून डोळ्यापासूनच सुरुवात करू.

दोन ठिपके वेगळे दिसायला निरोगी डोळ्याला त्यांच्यात साधारण एक मिनिटाचा कोन लागतो. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. शाळेतली त्रिकोणमिती वापरली तर ३० सेंटिमीटर अंतरावर हा कोन जेमतेम ०.०९ मिलिमीटर होतो. एका इंचात असे सुमारे २९० ठिपके बसतात. म्हणजे ३०० हा आकडा हातात धरून वाचायच्या मासिकाला शोभणारा आहे. आता दोन मीटर मागे जा. तोच कोन ०.५८ मिलिमीटर होतो आणि इंचाला ४४ ठिपके पुरतात. ६० बाय ४० इंचांच्या कॅनव्हासचा कर्ण ७२ इंच, म्हणजे सुमारे १.८ मीटर. एवढं चित्र एका नजरेत मावावं म्हणून पाहणारा माणूस आपसूकच साधारण तेवढा मागे सरकतो.

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो मिळतो. तो ६० इंचांवर पसरला तर इंचाला १०० पिक्सेल, गरजेच्या दुपटीहून जास्त. बिबट्या लांब होता म्हणून रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी करून क्रॉप केलं, तर इंचाला ५० उरतात. तेही दोन मीटरवरून चालून जातात. फाईलच्या माहितीत दिसणारा ७२ किंवा ३०० हा आकडा म्हणजे नुसती नोंद आहे. ती बदलल्यानं एकही पिक्सेल वाढत नाही की कमी होत नाही.

मग पिक्सेल वाढवून फाईल मोठी करायचीच कशाला? बिबट्याच्या मिशांसाठी. डोळ्याची आणखी एक क्षमता आहे, आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे. दोन रेघा एका ओळीत आहेत की एक किंचित सरकलेली आहे, हे डोळा एका मिनिटाच्या सहाव्या-सातव्या भागापर्यंत ओळखतो. त्यामुळे पिक्सेल सुटे दिसत नसले, तरी तिरप्या मिशीच्या कडेवर पडलेल्या पिक्सेलच्या पायऱ्या खटकतात. त्या पायऱ्या मोडण्यासाठी फाईल प्रिंटरच्या मूळ मापाला, म्हणजे इंचाला ३०० किंवा ३६० पिक्सेलला आणायची. फाईल मोठी करण्याच्या बायक्युबिक पद्धतीत प्रत्येक नव्या पिक्सेलची किंमत आजूबाजूच्या १६ जुन्या पिक्सेलवरून ठरते, त्यामुळे कड गुळगुळीत होते. नवा तपशील मात्र यातून मिळत नाही, आणि या कामासाठी त्याची गरजही नसते.

‘एका क्लिकमध्ये १६ पट तपशील’ अशा जाहिराती हल्ली सगळीकडे दिसतात. त्यांच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. सेन्सरवर जे नोंदलंच गेलं नाही, ते कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी ही साधनं आधी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून ‘इथे असे केस असावेत’ असा अंदाज बांधतात आणि तसे केस रंगवतात. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक प्राण्यात वेगळी असते आणि अभ्यासक तिच्यावरूनच एकेक बिबट्या ओळखतात. अंदाजानं रंगवलेला एखादा ठिपका भिंतीवर शोभेलही, पण ते चित्र मग त्या प्राण्याची नोंद राहत नाही. वन्यजीव छायाचित्रणात मला ही नोंद सौंदर्याइतकीच मोलाची वाटते.

आता या लेखाच्या खऱ्या विषयाकडे येतो. तो म्हणजे शार्पनिंग, फोटोतल्या कडा धारदार करणं. सॉफ्टवेअरमधल्या त्यासाठीच्या एका सरकपट्टीमागे डोळ्याच्या मज्जासंस्थेची अतिशय देखणी युक्ती आहे.

१८६५ मध्ये अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञानं एक निरीक्षण नोंदवलं. उजळ आणि गडद पट्टे जिथे भेटतात, तिथे उजळ बाजूला आणखी उजळ आणि गडद बाजूला आणखी गडद रेघ दिसते. मोजमाप केलं तर तिथे अशी रेघ नसते. ती डोळा तयार करतो. कशी, याचा उलगडा पुढे हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्यात झाला. नावात खेकडा असला तरी हा प्राणी कोळी आणि विंचवांच्या जास्त जवळचा. त्याचा संयुक्त डोळा अनेक छोट्या नेत्रिकांचा बनलेला असतो आणि प्रत्येक नेत्रिकेतून निघणारा मज्जातंतू वेगळा काढून त्यातले संदेश मोजता येतात. हाल्डन केफर हार्टलाइन यांना असं दिसलं, की एका नेत्रिकेवर प्रकाश पाडला की ती संदेश पाठवते, पण शेजारच्या नेत्रिकेवरही प्रकाश पाडला की पहिलीचे संदेश मंदावतात. प्रत्येक नेत्रिका शेजारणीला थोडं दाबत असते. दृष्टीच्या अशा अभ्यासासाठी १९६७ च्या नोबेल पुरस्कारात हार्टलाइन वाटेकरी होते.

या दाबण्यातून कड कशी उठते, ते आकड्यांत पाहू. एका ओळीत सहा नेत्रिका आहेत असं समजा आणि ही ओळ दोन्ही बाजूंना अशीच पुढे चालू आहे. त्यांच्यावर पडणारा प्रकाश असा: २०, २०, २०, १००, १००, १००. प्रत्येक नेत्रिकेच्या संदेशातून दोन्ही शेजारणींच्या प्रकाशाचा दहावा हिस्सा वजा करायचा. उजळ भागाच्या आत १०० मधून १० आणि १० गेले, राहिले ८०. गडद भागाच्या आत २० मधून २ आणि २ गेले, राहिले १६. कडेवर मात्र उजळ नेत्रिकेची एक शेजारीण गडद आहे. ती कमी दाबते, म्हणून १०० मधून १० आणि २ जाऊन ८८ उरतात. तिच्या पलीकडच्या गडद नेत्रिकेला उजळ शेजारणीचा मार बसतो, म्हणून २० मधून २ आणि १० जाऊन ८ उरतात. मेंदूकडे जाणारी ओळ आता अशी झाली: १६, १६, ८, ८८, ८०, ८०. पाचपट असलेला फरक कडेवर अकरापट झाला. आपल्या दृष्टिपटलातही शेजाऱ्याला दाबण्याची हीच तऱ्हा आहे.

अनशार्प मास्क हे शार्पनिंगचं साधन नेमकं हेच गणित करतं. फोटोची एक धूसर प्रत बनवायची. धूसर करणं म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये शेजाऱ्यांची सरासरी मिसळणं. मूळ फोटोतून ही प्रत वजा केली की सपाट भागात शून्य उरतं आणि कडेवर फरक उरतो. तो फरक मूळ फोटोत मिळवला की उजळ बाजू अधिक उजळ आणि गडद बाजू अधिक गडद होते. संगणक येण्याच्या कितीतरी आधी डार्करूममध्ये निगेटिव्हला तिचीच धूसर पॉझिटिव्ह प्रत जोडून हे काम होत असे. म्हणजे डोळा जे स्वतः करतो, त्याचा थोडा भाग आपण आधीच छापून देतो.

धूसर प्रत किती पिक्सेलच्या परिघात पसरवायची, त्याला रेडियस म्हणतात. मोठ्या प्रिंटची बहुतेक गल्लत इथे होते. इंचाला ३०० पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटर. दोन मीटरवरून डोळ्याची मर्यादा ०.५८ मिलिमीटर, म्हणजे जवळपास सात पिक्सेल. रेडियस एक पिक्सेल ठेवला तर कडेवरची उजळ-गडद रेघ इतकी बारीक होते की दोन मीटरवरून तिचा परिणाम पोहोचतच नाही. रेडियस तीन पिक्सेलच्या आसपास असला तर रेघ अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पसरते. ती सुटी दिसत नाही, पण कड धारदार करते. दहा पिक्सेल केला तर बिबट्याच्या कानाभोवती पांढरी किनार सरळ दिसू लागते.

हे स्क्रीनवर तपासायला गेलं की डोळा फसतो. १०० टक्के झूमवर ६० सेंटिमीटर अंतरावरून स्क्रीनचा एक पिक्सेल डोळ्याशी सुमारे दीड मिनिटाचा कोन करतो. कॅनव्हासवरचा तोच पिक्सेल दोन मीटरवरून त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा कोन करतो. म्हणून भिंतीसाठी योग्य असलेलं शार्पनिंग १०० टक्के झूमवर भडक आणि कुरूप दिसतं, आणि घाबरून माणूस ते कमी करतो. ६० इंची कॅनव्हास दोन मीटरवरून जेवढा दिसतो, तेवढाच १८ इंच रुंद फोटो ६० सेंटिमीटरवरून दिसतो. म्हणजे नेहमीच्या मोठ्या मॉनिटरवर जवळजवळ पडदाभर फोटो लावला की भिंतीवरचा अनुभव समोर असतो. त्यातले बारकावे स्क्रीनच्या पिक्सेलमुळे थोडे हरवतात, पण निर्णयासाठी झूमपेक्षा हे दृश्य खूप विश्वासार्ह आहे.

याच विचाराचा पुढचा टप्पा अजून सुंदर आहे. अगदी बारीक आणि अगदी रुंद पट्ट्यांपेक्षा मधल्या जाडीचे पट्टे डोळ्याला सर्वात सहज दिसतात. एका अंशात उजळ-गडद पट्ट्यांच्या तीन ते पाच जोड्या बसल्या, तर अगदी फिक्का फरकही कळतो. दोन मीटरवर एक अंश म्हणजे ३५ मिलिमीटर, म्हणजे एक जोडी सुमारे ९ मिलिमीटरची. कॅनव्हासवर या मापाचं काय असतं? गालावरच्या केसांच्या झुपक्यांची वळणं, छोटे ठिपके, डोळ्याच्या कडा. म्हणून बारीक शार्पनिंगनंतर दुसऱ्यांदा तेच साधन ४०-५० पिक्सेल रेडियस आणि १०-१५ टक्के इतक्या हलक्या प्रमाणात, फक्त चेहऱ्यावर आणि अंगावर वापरावं. प्राणी पार्श्वभूमीतून पुढे येतो. मागच्या धूसर झाडीला यातलं काहीही लावायचं नाही.

संध्याकाळच्या फोटोतल्या रवाळपणाला लोक फार घाबरतात. प्रकाशाचे कण मोजके आले की त्यांच्या संख्येतला चढउतार संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो: १०० कणांमागे १०, म्हणजे १० टक्के, पण १०,००० कणांमागे १००, म्हणजे एकच टक्का. तेव्हा कमी उजेडात रवे येणारच. त्यातले बारीक रवे कॅनव्हासच्या विणीत मिसळून जातात. ते घासून काढण्याच्या नादात केस प्लॅस्टिकसारखे झाले, तर ते लपवायला वीण कामी येत नाही. रंगीत डाग तेवढे काढा, उरलेले रवे राहू द्या.

सावल्यांकडे मात्र लक्ष हवंच. मॉनिटर स्वतः प्रकाश फेकतो, आणि त्याच्या पांढऱ्या-काळ्यातला फरक हजारपटीच्या घरात असतो. कॅनव्हास खोलीतला प्रकाश परतवतो. त्याचा खडबडीत पृष्ठभाग काळ्या शाईवरूनही थोडा प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून मॅट कॅनव्हासवर हा फरक साधारणपणे शंभरपटीच्याही आत येतो. स्क्रीनवर झाडाच्या ढोलीत दिसणारा बिबट्याचा खांदा प्रिंटमध्ये काळ्यात बुडतो तो यामुळे. त्या कॅनव्हास-शाईच्या जोडीचं रंगप्रोफाइल, म्हणजे तिच्यावर रंग कसे उतरतात याची फाईल, छापणाऱ्याकडून मागून घ्या, ते लावून स्क्रीनवर सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील चित्राचा अंदाज, पाहा आणि मॉनिटरचा उजेड कमी ठेवून फक्त गडद भाग थोडे वर उचला. वार्निशचा थर हा विखुरलेला प्रकाश कमी करतो, त्यामुळे काळा अधिक खोल होतो.

चौकटीवर ताणायचा कॅनव्हास कडेला दुमडला जातो. दीड इंच जाडीच्या चौकटीसाठी चारही बाजूंना अडीच-तीन इंच जास्तीचा भाग हवा. शेपटीचं टोक फ्रेमच्या कडेला टेकलेलं असेल तर ते दुमडीत जातं. मग कडेचा भाग आरशासारखा उलटवून वाढवावा लागतो, आणि शेपूट तिथेच असेल तर तीही दुमडीवर दोनदा दिसते. म्हणून क्रॉप करतानाच जागा सोडलेली बरी.

पूर्ण प्रिंट काढण्याआधी डोळा, गाल आणि सर्वात गडद सावली सामावेल अशी आठ-दहा इंचांची पट्टी पूर्ण आकाराच्या फाईलमधून कापा. तिच्या तीन प्रती करा, प्रत्येकीत शार्पनिंग वेगळ्या जोराचं, आणि तिन्ही त्याच कॅनव्हासवर वार्निशसह छापून घ्या. चित्र जिथे लागणार त्याच भिंतीवर, तिथल्याच दिव्यात, दोन मीटरवरून तिन्ही पाहा. जवळून जरा जास्त वाटणारी पट्टी लांबून नैसर्गिक दिसली तर तिचेच आकडे पूर्ण फाईलला लावा. सावल्यांबद्दलचा निर्णय मात्र वार्निश पूर्ण वाळल्यावरच घ्या.