लाउटरब्रुनेनच्या पायवाटा: पार्श्वभूमी

स्वित्झर्लंडच्या युंगफ्राऊ शिखराकडे जाऊन आलेल्या बहुतेकांनी त्याच्या पायथ्याच्या दरीतले लाउटरब्रुनेन हे गाव पाहिलेले असते ते गाडी बदलताना, फलाटावरून. डिसेंबर 2020 मध्ये शेजारच्या दरीतल्या ग्रिंडेलवाल्डच्या बाजूने नवी केबल कार सुरू झाली आणि अनेक सहलींच्या वाटेवर आता हे स्टेशनही लागत नाही. जे इथे उतरून चालू लागतात, त्यांना पहिल्या वळणापासून पिवळ्या पाट्या दिसतात. त्यांवर गावाचे नाव असते आणि तिथवर पोचायला लागणारा वेळ असतो. वाट कितीही आडबाजूची असो, ती राखलेली असते. ही व्यवस्था आली कुठून, याची हकिगत धबधब्यांच्या वर्णनात हरवून जाते.

आधी जमिनीची रचना, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. हिमनदीने खरवडलेली ही दरी तळाशी सपाट आहे. तळ समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर, आणि दोन्ही बाजूंना शेकडो मीटरचे उभे कडे. या कड्यांच्या डोक्यावर मात्र सह्याद्रीतल्या गडांना असते तशी माची आहे. पश्चिमेच्या माचीवर म्युरेन हे गाव, 1,638 मीटरवर. पूर्वेच्या माचीवर वेंगेन, 1,274 मीटरवर. बाजूच्या छोट्या दऱ्या मुख्य दरीइतक्या खोल कोरल्या गेल्या नाहीत, म्हणून त्यांचे पाणी कड्यावरून थेट खाली कोसळते. श्टाउबबाख धबधब्याची धार जवळजवळ 300 मीटरची. म्युरेनबाख टप्प्याटप्प्याने 400 मीटरहून अधिक उतरतो. ट्र्युमेलबाख तर डोंगराच्या पोटातूनच धडधडत येतो आणि आयगर, म्योंख व युंगफ्राऊ या शिखरांवरच्या हिमनद्यांचे पाणी वाहून नेतो. थोडक्यात, इथे चालायच्या जागा दोनच, तळ आणि माची. या दोहोंना जोडणाऱ्या चढाच्या वाटा खरोखर दमवणाऱ्या आहेत.

या वाटा फिरणाऱ्यांसाठी पडलेल्या नाहीत. मध्ययुगात दक्षिणेकडच्या लोचेन खोऱ्यातून हिमाच्छादित खिंडी ओलांडून काही कुटुंबे इथे आली आणि माचीवर वसली. गुरे, गवत, चीज आणि जळण यांच्यासाठी वाटा पडल्या. दरीच्या वरच्या टोकाला शिशाच्या खाणी होत्या, तिथेही वाट गेली. अठराव्या शतकात प्रवासी येऊ लागले. 1779 मध्ये आलेल्या एका जर्मन कवीने श्टाउबबाखवरून कविता लिहिली आणि मग हा धबधबा पाहणे सुशिक्षित युरोपीय माणसाच्या प्रवासाचा भागच झाला. 1863 मध्ये एका इंग्रज सहल व्यावसायिकाची पहिली स्वित्झर्लंड सहल याच दरीतून वेंगर्नआल्प चढून ग्रिंडेलवाल्डकडे उतरली. त्यातल्या स्त्रिया त्या काळच्या पायघोळ झग्यांत हे अंतर पार करत होत्या. पण हौसेने पायी फिरणारे तेव्हा थोडेच. पैसेवाला पाहुणा खेचरावर किंवा माणसांनी उचललेल्या खुर्चीत बसून वर जाई. चालत होते ते त्याला वाहून नेणारे.

चित्र पालटले ते रेल्वेने. 1890 मध्ये इंटरलाकेनहून गाडी दरीत आली. 1891 मध्ये म्युरेनची, 1893 मध्ये वेंगेनवरून क्लाइने शाइडेग ही खिंड ओलांडणारी, आणि 1912 मध्ये आयगरच्या पोटातून 3,454 मीटरवरच्या युंगफ्राऊयोखपर्यंत. रेल्वेने पायी प्रवास मारला, असे तेव्हाही म्हटले गेले आणि अजूनही म्हटले जाते. मला ते पटत नाही. रेल्वेने मारला तो चढ. चढ गाडीकडे गेल्यावर माचीवरची आडवी वाट सर्वांसाठी मोकळी झाली. आज ग्रुच्आल्पहून म्युरेनला रुळांच्या कडेने जाणारी वाट आजीआजोबाही नातवंडांसह चालतात. ते जमते याचे कारण 1891 चा तो मार्ग. त्याच्या खालच्या टप्प्यावर 2006 पासून जुन्या रुळांच्या जागी केबल कार धावते. दोरीच्या वाटांचे जाळे पुढे वाढतच गेले. 1967 मध्ये केबल कार दरीच्या आतल्या टोकाच्या श्टेखेलबर्गच्या बाजूने शिल्टहॉर्नच्या माथ्यावर, 2,970 मीटरवर पोचली.

पाट्यांची गोष्ट वेगळी आणि नंतरची. मोटारी वाढल्या, खिंडींमधल्या रस्त्यांवर धुरळा उडू लागला आणि पायी चालणारा रस्त्यावरून हटवला जाऊ लागला, तेव्हा 1934 मध्ये देशभरच्या पायवाटांसाठी संघटना उभी राहिली. पिवळा रंग ठरला. अंतर किलोमीटरऐवजी वेळेत सांगायचे, हेही. आजही सपाटीवर ताशी 4.2 किलोमीटर धरून हिशेब होतो आणि चढ-उतार त्यात मिळवले जातात. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला वाट सापडू नये म्हणून पाट्या उतरवल्या गेल्या आणि युद्धानंतर पुन्हा बसवाव्या लागल्या. तोवर हा सगळा स्वयंसेवकांचा कारभार होता. वाट राखली तर राखली, कुणी डांबर टाकून किंवा कुंपण घालून ती बंद केली तर दाद मागायला आधार नव्हता.

इथे 1970 च्या दशकातला तो निर्णय येतो, ज्यावर थांबायला हवे. पायवाटा ही शासनाची जबाबदारी ठरवा, अशी मागणी नागरिकांनी सह्या गोळा करून 1974 मध्ये केली. यातला वाद पायवाटा हव्यात की नकोत हा नव्हता. वाद होता तो कुणाच्या अधिकारात, हा. डोंगराळ प्रांतांचे म्हणणे, आमच्या शिवारातल्या वाटेबद्दल राजधानीतून कुणी का सांगावे? त्यांच्या या म्हणण्याला आधार होता. वाट कुठे खचते, कुठे हिमाचा लोट येतो, हे गावालाच कळते. म्हणून संसदेने सौम्य पर्याय मांडला. केंद्राने फक्त तत्त्वे ठरवायची, वाटा आखणे आणि राखणे प्रांतांकडे. मूळ मागणी मागे घेतली गेली आणि 18 फेब्रुवारी 1979 च्या मतदानात हा पर्याय तीन चतुर्थांशांहून अधिक मतांनी संमत झाला. देशाच्या राज्यघटनेत पायवाट हा विषय आला.

सौम्य म्हणून या पर्यायाला तेव्हा नावे ठेवणारे होते. पण त्यात एक कलम होते, जे मला सगळ्या तडजोडीहून मोलाचे वाटते. केंद्राला स्वतःच्या कामासाठी एखादी पायवाट बुजवावी लागली, तर तिच्या बदल्यात दुसरी द्यायची. 1985 च्या कायद्याने, जो 1987 पासून लागू आहे, हे तत्त्व सर्वत्र पसरवले. वाट अडवली गेली, तुटली, तिच्यावर वाहनांची वर्दळ वाढली किंवा मोठ्या लांबीवर पायांना न मानवणारा थर टाकला गेला, तर पर्यायी वाटेचा प्रश्न उभा राहतो. नियमावलीत डांबर आणि सिमेंट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. खरी रस्सीखेच इथे आहे. दूध आणि गवत ट्रॅक्टरने आणणाऱ्या शेतकऱ्याला पक्का रस्ता हवा, तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबर्ग या तळाच्या लोकप्रिय वाटेचे काही तुकडे डांबरीच आहेत. चालणाऱ्याच्या गुडघ्यांना ते जाणवते. तरी मी म्हणेन की कायदा नसता तर तुकडे न राहता सगळी वाटच डांबरी झाली असती आणि माचीवरच्या वाटाही तिच्यामागे गेल्या असत्या.

आज देशभरात सुमारे 65,000 किलोमीटर वाटा अशा नोंदलेल्या आहेत. पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरी वाट, जिथे पाय सराईत हवा आणि घसरण्याची भीती खरी असते. पांढरी-निळी-पांढरी असेल तर दोर, हिमनदी किंवा हातांनी चढायची तयारी ठेवावी. म्युरेनमागून सेफिनेनफुर्गा या 2,612 मीटरवरच्या खिंडीकडे जाणारी वाट लाल खुणेची आहे. सपाट तळावरून पाहून तिचा अंदाज करू नये.

2001 मध्ये दरीचा वरचा भाग युंगफ्राऊ-आलेच जागतिक वारसा क्षेत्रात आला. त्यानंतरचा ताण मात्र वाटांवरचा नाही, रस्त्यावरचा आहे. सुमारे अडीच हजार वस्तीच्या या पालिकेत उन्हाळ्यात एकाच रस्त्याने मोटारी शिरतात, श्टाउबबाखसमोर फोटो काढतात आणि परत फिरतात. 2024 मध्ये एका स्थानिक गटाने मुक्काम न करता मोटारीने येणाऱ्यांवर 5 ते 10 फ्रँक शुल्काचा विचार मांडला. रेल्वे-बसने येणाऱ्यांना आणि हॉटेलात राहणाऱ्यांना सूट. दरीला तिकीट लावले म्हणून जगभर ओरड झाली. प्रस्ताव नीट वाचला तर तो पायी चालणाऱ्याला हातही लावत नाही. तो मोटारीला दाम सांगतो, आणि 1934 मध्ये चालणाऱ्यांना संघटित व्हावे लागले ते मोटारींमुळेच.

2024 च्याच डिसेंबरात श्टेखेलबर्गहून म्युरेनकडे जगातली सर्वांत तीव्र उताराची केबल कार सुरू झाली, 159 टक्क्यांहून अधिक चढाची. खालून कड्यालगत चढणारी जुनी वाट तिच्या शेजारी तशीच आहे, पिवळ्या पाटीसकट.