भाषा आली, नोकरी लागली, म्हणजे निर्वासित रुळला?

'भाषा शिकला, कामाला लागला, आपल्या लोकांत राहणं सोडलं, की झाला एकरूप.' निर्वासितांबद्दलचा हा समज वर्षानुवर्षे चालत आलाय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी माणसांवर अन्याय होतो.

नुसती नोकरी मोजली तर काय होतं पाहा. मायदेशी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर परक्या देशात रात्री दोन वाजता टॅक्सी चालवतो, कारण त्याची पदवी तिथे मान्य नाही. आकडेवारीत मात्र तो 'रोजगार मिळालेला'. आणि मग तो रुळला असं आपण बिनदिक्कत म्हणतो!

एजर आणि स्ट्रँग या अभ्यासकांनी निर्वासितांचं रुळणं समजून घेण्यासाठी २००८ मध्ये मांडलेली चौकट खूपच नेमकी वाटते. तिच्यात दहा क्षेत्रं आहेत. नोकरी, घर, शिक्षण, आरोग्य, भाषा आहेतच, सुरक्षितताही आहे, आणि पायाशी हक्क व नागरिकत्व. नात्यांचे तर तीन प्रकार: स्थानिकांशी, शासनयंत्रणेशी आणि आपल्याच समाजाशी. म्हणजे स्वतःची माणसं धरून राहणं हा रुळण्याचाच भाग आहे, त्यातला अडथळा नव्हे.

दुसरी बाजू यजमान देशाची. एकरूपता ही दुहेरी प्रक्रिया आहे, हे युरोपीय संघाने २००४ मध्येच तत्त्व म्हणून मान्य केलं. तरी संघाच्या २०१३ च्या नियमांत आश्रयाचा अर्ज केलेल्यांना कामाची परवानगी देणं नऊ महिन्यांपर्यंत लांबवायची सदस्य देशांना मुभा होती. त्या नऊ महिन्यांतली बेकारी त्यांच्या नावावर मांडू नये.