थर्मोस्टॅटचा आकडा सरकार ठरवते तेव्हा

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून लोकांना सांगितले, घरातला थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचे तापमान ठरवून देणारे यंत्र, किमान ६ अंश फॅरनहाइटने खाली आणा; दिवसाची सरासरी ६८, म्हणजे २० अंश सेल्सिअस असू द्या. ही विनंती होती. ब्रिटनने १९७४ मध्ये सरळ हुकूम काढला. राहती घरे सोडून बहुतेक इमारती २० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापवायला इंधन किंवा वीज वापरायची नाही. १९८० मध्ये ही मर्यादा १९ वर आली.

अमेरिकेत सक्ती यायला इराणची क्रांती व्हावी लागली आणि तेल पुन्हा टंचाईत यावे लागले. त्याआधी, फेब्रुवारी १९७७ मध्ये, अध्यक्ष जिमी कार्टर लोकरी स्वेटर घालून टीव्हीवर आले होते आणि घरे दिवसा ६५, रात्री ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवायला सांगून गेले होते. स्वेटर लोकांच्या लक्षात राहिला, आकडे फारसे नाहीत. जुलै १९७९ मध्ये मात्र नियमच लागू झाला: कार्यालये, दुकाने, सरकारी इमारती हिवाळ्यात ६५ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे १८ सेल्सिअस) वर तापवायच्या नाहीत, उन्हाळ्यात ७८ च्या (सुमारे २६ सेल्सिअस) खाली गार करायच्या नाहीत. घरे, रुग्णालये आणि हॉटेलांच्या झोपायच्या खोल्यांना सूट होती. दमट हवेत ७८ अंशांवर घाम लवकर सुकत नाही, हे ओळखून हवेतला दमटपणा कमी करण्यापुरता आकडा आणखी खाली नेण्याची मुभाही ठेवली होती. मोडणाऱ्याला १० हजार डॉलरपर्यंत दंड, आणि नियम पाळत असल्याचे प्रमाणपत्र इमारतीत लावणे बंधनकारक. पण एवढ्या इमारतींत थर्मोस्टॅट बघत हिंडणार कोण? रोनाल्ड रेगन यांनी सत्तेवर येऊन महिना व्हायच्या आत, १७ फेब्रुवारी १९८१ रोजी, ही सक्ती उठवली.

आकड्यामागचे गणित साधे आहे. आतल्या आणि बाहेरच्या तापमानात जितका फरक, तितकी उष्णता भिंती-खिडक्यांतून ये-जा करते, म्हणून एकेका अंशाला किंमत आहे. अडचण माणसांची असते. जपानला ती बरोबर कळली. १९७९ मध्ये पंतप्रधान ओहिरा यांनी अर्ध्या बाह्यांचा सूट घालून पाहिला, तो कुणी उचलला नाही. २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहिमेत कार्यालयांना २८ अंश सेल्सिअस सुचवताना कोट आणि टायच उतरवायला सांगितले. कपड्यांचा दंडक सैल झाल्यावर २८ अंश सोसवू लागले. टाय बनवणारे अर्थातच नाराज झाले.

चीनने २००७ मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी उन्हाळ्यात २६ ही खालची मर्यादा घातली. २०२२ मध्ये रशियन वायू आटला तेव्हा युरोपात जुनेच आकडे परतले. स्पेनने दुकाने-कार्यालयांसाठी उन्हाळ्यात २७ आणि हिवाळ्यात १९ ठरवले, जर्मनीने सरकारी कार्यालयांना १९ ची मर्यादा घातली.

भारताने वेगळी वाट धरली. जानेवारी २०२० पासून तारांकित (विजेच्या बचतीनुसार तारे दिलेला) एसी सुरू करताच २४ अंशांवर चालू होईल असे बंधन उत्पादकांवर आले. वापरणाऱ्याला आकडा बदलायची मोकळीक राहिली. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मांडलेला २० ते २८ अंशांचा प्रस्ताव ही मोकळीकही आखून देतो. त्यात तपासनीस लागत नाही. बटण कितीही दाबले तरी आकडा २० च्या खाली उतरणारच नाही.