रंगावर जाऊ नका, मिशी बघा

पावसाळा सरता सरता सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास सापडतो. फांदीला पांढऱ्याशुभ्र तंतूंचा झुपका चिकटलेला आणि प्रश्न एकच: हे फूल कसलं? कोणी बुरशी म्हणतं, कोणी सुरवंट. बोट जवळ नेलं की झुपका टुणकन उडी मारतो आणि बुरशीवाल्यांचा मुद्दा तिथंच निकालात निघतो. हे फ्लॅटिडी कुळातल्या प्लँटहॉपरचं पिल्लू. तंतू मेणाचे, पोटावरच्या ग्रंथींतून पाझरलेले. झडप घालणाऱ्याच्या तोंडात बऱ्याचदा तेवढंच लागतं.

प्रौढ झाल्यावर तो छोट्या पतंगासारखा दिसतो, पण पतंगांशी त्याचा संबंध नाही. मावा, ढेकूण आणि सिकाडा ज्या हेमिप्टेरा गणात येतात, त्यातलाच हा. तोंड म्हणजे झाडाचा रस ओढायची सोंड. प्लँटहॉपरच्या जगभर दहा हजारांहून जास्त जाती आहेत, कुळं वीसएक. आपण मात्र उडी मारणारं सगळं ‘तुडतुडे’ म्हणून मोकळे होतो. आंब्याच्या मोहोरावरचा तुडतुडा प्लँटहॉपर नाही. भातावरचा तपकिरी तुडतुडा मात्र प्लँटहॉपर आहे.

फरक कळायला दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. चेहरा समोरून बघायचा. मिशा दोन डोळ्यांच्या मधे किंवा पुढे असतील तर तो आंब्यावाल्यांच्या गोतातला. डोळ्यांच्या खाली, गालावर असतील तर प्लँटहॉपर. मिशीचा दुसरा खंड फुगीर, त्यावर संवेदक उंचवटे आणि टोकाला केसासारखा बारीक धागा. पुढच्या पंखाच्या मागच्या भागात दोन शिरा एकत्र येऊन ‘वाय’ आकार होतो. शेवटची खूण कीटक उलटा केल्याशिवाय दिसत नाही: मागच्या पायांचा पहिला खंड धडाला पक्का जखडलेला असतो. हलतो तो त्याच्या पुढचा खंड, ट्रोकँटर.

या जखडलेल्या खंडापाशी मी नेहमी रेंगाळतो. उडीची सगळी यंत्रणा तिथंच आहे. एवढ्या वेगानं आकुंचन पावणारा स्नायू कोणत्याच प्राण्याकडे नाही. म्हणून स्नायू आधी सावकाश ताणत जाऊन छातीतल्या दोन बाकदार पट्ट्या वाकवतात. कठीण क्युटिकल (कीटकाचं कवच) आणि रेझिलिन हे लवचीक प्रथिन यांच्या या पट्ट्यांत ऊर्जा साठते, मग ती एकदम सुटते आणि दोनेक मिलिसेकंदांत कीटक हवेत जातो. पण मागचे दोन्ही पाय धडाच्या खाली शेजारी-शेजारी असतात. एक जरासा आधी सुटला तरी अंग गरकन फिरणार. चेतापेशीतला एक संदेशच मुळी सुमारे मिलिसेकंदभर चालतो. त्याच्या भरवशावर ही वेळ साधता येत नाही.

केंब्रिज विद्यापीठातल्या माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी 2013 मध्ये इसस कोलिओप्ट्रेटस या युरोपीय प्लँटहॉपरच्या पिल्लांत यावरचा तोडगा दाखवला. झाडांवर आणि त्यांवर चढलेल्या आयव्हीच्या वेलींवर राहणारा हा कीटक. दोन्ही ट्रोकँटरवर दातांची एकेक वक्र पट्टी असते, 10 ते 12 दातांची, आणि ते दात एकमेकांत अडकतात. एक पाय हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. दोघांच्या हालचालीतला फरक 30 मायक्रोसेकंदांच्या आत राहतो. मेलेल्या पिल्लाच्या एका पायाचा स्नायुबंध ओढला तरी दुसरा पाय सुटतो, म्हणजे इथं मेंदूला विचारायचं कारणच नाही. ‘निसर्गानं माणसाआधी गिअरबॉक्स बनवली’ असे मथळे तेव्हा झळकले. ते जरा आवरायला हवेत: यात पूर्ण फिरणारं चाक नाही. शेवटची कात टाकताना हे दात जातातही. पिल्लाचा दात मोडला तर पुढच्या कातीबरोबर नवा येतो, प्रौढाला ती सोय नाही, असं स्पष्टीकरण संशोधकांनी सुचवलं आहे. प्रौढ दोन पायांमधल्या घर्षणावर भागवतात आणि उडी उत्तमच मारतात.

आता कुळं. फ्लॅटिडीच्या पुढच्या पंखाच्या कडेला समांतर आडव्या शिरांची रांग असते, बुडाशी बारीक दाणे. रिकॅनिडीचे पंख रुंद, त्रिकोणी. डर्बिडीत सोंडेचा शेवटचा खंड अगदी आखूड. फल्गोरिडीत मागच्या पंखाच्या मागच्या भागात आडव्या शिरांचं जाळं. 1906 मध्ये कीटकतज्ज्ञ डिस्टंट यांनी ब्रिटिश भारतातल्या जातींची नोंद केली तेव्हा हे सगळे एकाच फल्गोरिडी कुळात कोंबलेले होते. आज ज्यांना आपण कुळं म्हणतो ती त्या वेळी उपकुळं होती.

फल्गोरिडीचं लांब डोकं रात्री उजळतं, ही समजूत चित्रकार आणि कीटक-अभ्यासक मारिया सिबिला मेरियन यांच्या सुरिनामवरच्या 1705 च्या ग्रंथानं पसरवली. त्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येतं म्हणे. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1758 मध्ये त्या जातीचं नावच कंदिलावरून ठेवलं: लॅटर्नारिया, म्हणजे आजचा फल्गोरा लॅटर्नारिया. तो उजळत नाही. ब्राझीलमध्ये त्याला जीवघेणा विषारीही मानतात. रस ओढायच्या सोंडेनं तो माणसाला काय मारणार? याच कुळातल्या एका आशियाई प्रजातीला (जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला) कीटकतज्ज्ञ कर्काल्डी यांनी 1900 मध्ये ‘कालिदासा’ नाव दिलं, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही.

नेमकी जात ठरवायची तर रंग दगा देतो, कारण एकाच जातीत तो बदलतो. मग नराचं पोट वेगळं काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. स्नायू विरघळतात, कठीण सांगाडा उरतो. तो ग्लिसरीनच्या थेंबात फिरवत सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियावरचे काटे, त्यांची दिशा, टोकाचा बाक पाहायचा. नंतर तो तुकडा इवल्या कुपीत भरून नमुन्याच्याच टाचणीला लावतात, म्हणजे ताटातूट होत नाही. फोटोवरून झटक्यात जातीचं नाव सांगणाऱ्या ॲपला यातलं काहीच दिसत नाही.

आता प्राउटिस्टा मोएस्टा घ्या. डर्बिडी कुळातला हा कीटक नारळ-सुपारीच्या झावळ्यांवर बसतो आणि केरळमधल्या नारळाच्या मूळ-मर (रूट विल्ट) रोगाचा वाहक मानला जातो. डर्बिडींची पिल्लं मात्र झाडावर नसतातच. ती कुजक्या लाकडात बुरशीचे तंतू शोषतात. झावळीवरचा नर आणि ओंडक्यातलं पिल्लू एकाच जातीचे आहेत हे जुळवायला आता डीएनए बारकोड, म्हणजे जात ओळखायला वापरायचा डीएनएचा ठरावीक तुकडा, वापरतात. पण त्या बारकोडला नाव चिकटवायला आधी कोणीतरी नराचे काटे पाहिलेले असावे लागतात.