रक्तपिशवीचा इलेक्ट्रॉनिक मागोवा

रक्तदात्याच्या दंडातून निघालेले रक्त तपासणी, घटक-विलगीकरण, साठवण, क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहणे) आणि वाटप असे टप्पे ओलांडत कोणत्या रुग्णाच्या शिरेत गेले, याची संगणकावर ठेवलेली सलग नोंद. हा मागोवा दोन्ही दिशांनी लागावा लागतो. पिशवी हातात असेल तर दाता सापडला पाहिजे, आणि दात्याचे नाव माहीत असेल तर त्याच्या रक्तातला प्रत्येक घटक कुठे गेला हे सांगता आले पाहिजे. रक्ताच्या चाचणीची नळी, क्षयरुग्णाचा बेडका, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा यांनाही हीच पद्धत लावतात. फरक परिणामाचा आहे. नळी बदलली तर अहवाल चुकतो. पिशवी बदलली तर रुग्ण त्याच खाटेवर दगावू शकतो.

मागोव्याची सुरुवात शिबिरातल्या टेबलावर होते. सांगली-मिरजेत शिवजयंती, १४ एप्रिल, गणेशोत्सव आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस हे शिबिरांचे ठरलेले दिवस. मंडपात गर्दी असते, स्पीकर चालू असतो, सरबताचे आणि प्रमाणपत्राचे टेबल शेजारीच मांडलेले असते. दाता फॉर्म भरतो, वजन आणि हिमोग्लोबिन तपासले जाते आणि मग टेक्निशियन एकाच क्रमांकाच्या स्टिकरांची पट्टी काढतो. एक स्टिकर फॉर्मवर, एक मुख्य पिशवीवर, जोडलेल्या छोट्या पिशव्यांवर एकेक आणि उरलेली तपासणीच्या नळ्यांवर. हे सगळे सुई टोचण्याआधी, त्या दात्याच्या खाटेशेजारी उभे राहून व्हायला हवे. चार दात्यांच्या नळ्या एकत्र ठेवून नंतर निवांत स्टिकरे लावली, की पुढची सगळी यंत्रणा चुकीची नोंद अगदी बिनचूक सांभाळत राहते. पिशवीच्या लांब नळीवर कंपनीनेच ठरावीक अंतराने एक क्रमांक छापलेला असतो. ही नळी जागोजागी सील करून तिचे तुकडे पाडतात, त्यांना सेगमेंट म्हणतात, आणि क्रॉसमॅचसाठी त्यांतलाच एक तुकडा वापरतात. स्टिकरबद्दल शंका आली तर हा छापील क्रमांक साक्षीला असतो. म्हणून दक्ष टेक्निशियन तोही नोंदवून ठेवतात.

क्रमांक कसा असावा याचे जगभर वापरले जाणारे मानक म्हणजे आयएसबीटी १२८. त्यात दानाच्या क्रमांकाला १३ स्थाने असतात : पहिली ५ रक्तपेढीच्या संकेताची, पुढची २ वर्षाची आणि शेवटची ६ अनुक्रमांकाची. म्हणजे मिरजेतली पिशवी आणि दूरदेशीची पिशवी यांचा क्रमांक कधीच एक होऊ शकत नाही. शेजारी चौकटीत एक पडताळणीचे अक्षर छापतात. ते आधीच्या सगळ्या अक्षरांवरून गणिताने काढलेले असते. त्यामुळे बारकोड वाचला न गेल्याने कोणी क्रमांक हाताने टंकला आणि एक आकडा चुकला, किंवा दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर संगणक तो स्वीकारत नाही. भारतात हे मानक सक्तीचे नाही. पुष्कळ रक्तपेढ्या आपापल्या संगणकप्रणालीचा क्रमांक वापरतात, आणि एका पेढीची पिशवी दुसरीकडे गेली की तिला नवा क्रमांक चिकटतो. मागोवा हमखास तुटतो तो इथे. दोन क्रमांक एकमेकांशी जोडून ठेवले नाहीत तर पिशवीचा पूर्वेतिहासच पुसला जातो.

आपल्याकडची शिस्त मुळात कोर्टातून आली. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. त्यातून राष्ट्रीय व राज्य रक्त संक्रमण परिषदा उभ्या राहिल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. राष्ट्रीय रक्त धोरण २००२ मध्ये आले. रक्त चढवल्यावर होणाऱ्या प्रतिक्रियांची देशव्यापी नोंद १० डिसेंबर २०१२ पासून सुरू झाली. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केलेली ई-रक्तकोष ही प्रणाली ७ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, हे तिच्यावर घरबसल्या पाहता येते. अर्थात पेढीतल्या माणसाने आकडा भरला तरच तो दिसतो. उन्हाळ्यात कॉलेजांना सुट्टी असते, शिबिरे आटतात. पावसाळ्यात डेंग्यूमुळे प्लेटलेटसाठी धावपळ सुरू होते. नेमक्या या दिवसांत कालचा आकडा पाहून जतहून किंवा आटपाडीहून निघालेल्या नातेवाइकाची पूर्ण खेप फुकट जाते.

संगणकाचे खरे काम नुसते लिहून ठेवण्याचे नाही, अडवण्याचे आहे. एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि मलेरिया या पाचही चाचण्यांचे निकाल येईपर्यंत पिशवी वेगळ्या कप्प्यात राहते आणि चांगली प्रणाली तोवर तिचे अंतिम लेबल छापूच देत नाही. लेबलाचा रंगही ठरलेला आहे : ओ निळा, ए पिवळा, बी गुलाबी, एबी पांढरा. मुदतही क्रमांकाशी बांधलेली असते. लाल पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट ५ दिवस, गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर. मुदत उलटलेली पिशवी स्कॅन केली की पडदा लाल व्हायला हवा.

आता नावांचा प्रश्न. रुग्णाची ओळख दोन खुणांनी पटवावी, नाव आणि जन्मतारीख, असा परदेशी रिवाज आहे. सांगली-साताऱ्यात या दोन्ही खुणा कच्च्या ठरतात. एकाच वॉर्डात दोन सुनीता पाटील असणे ही रोजची गोष्ट. साठीच्या पुढच्या कितीतरी माणसांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. मिरज हे जुने वैद्यकीय गाव. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केले आणि तेव्हापासून सीमेपलीकडचे कानडी भाषक रुग्णही मोठ्या संख्येने येतात. तेच नाव चिठ्ठीवर एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने आणि संगणकात तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेले सापडते. खाट क्रमांकावर तर अजिबात विसंबू नये. पंख्याखालची खाट रिकामी झाली की रुग्ण तिकडे सरकतो. म्हणून नोंदणी क्रमांकाची बारकोड असलेली मनगटपट्टी हवी, आणि क्रॉसमॅचसाठी रक्त घेताना ती स्कॅन करूनच नळीवरचे स्टिकर निघायला हवे. चुकीच्या गटाचे रक्त चढण्याच्या घटनांत रसायनाची चूक क्वचित असते. बहुतेक वेळा चूक ओळखीची असते. ‘‘तुमचं नाव सुनीता पाटील ना?’’ असे विचारले तर गुंगीतला माणूस हो म्हणतो. ‘‘मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा’’ असे विचारायची सवय कोणत्याही स्कॅनरइतकीच मोलाची आहे.

नोंद किती तपशिलात हवी, हे बॉम्बे रक्तगट शिकवतो. डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत हा गट प्रथम नोंदवला. या व्यक्तींच्या लाल पेशींवर एच हे मूळ प्रतिजनच, म्हणजे गट ठरवणारी पायाभूत खूणच, नसते, त्यामुळे ए आणि बी तयार होत नाहीत आणि साध्या चाचणीत गट ‘ओ’ दिसतो. पण त्यांच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंडे असतात. ओ गटाचे रक्त चढवले तर ते फुटते. उलट चाचणीत, म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव ओ पेशींशी मिसळला असता, गुठळ्या दिसतात आणि गुपित उघडे पडते. हा गट देशात साधारण दहा हजारांत एकाचा. मुंबई, कोकण आणि दक्षिण महाराष्ट्राच्या पट्ट्यात तो तुलनेने अधिक आढळतो. म्हणून प्रणालीत नुसते ‘ओ’ लिहून भागत नाही, सुलट (पेशींची) आणि उलट (रक्तद्रवाची) दोन्ही चाचण्यांचे निकाल वेगवेगळे भरावे लागतात आणि ते जुळले नाहीत तर पिशवी थांबावी लागते. एकदा ओळखला गेलेला बॉम्बे गटाचा दाता नोंदीतून हरवणे ही मोठी हानी आहे. आजही असे दाते शोधताना अनेकदा कार्यकर्त्यांच्या फोनमधली यादीच आधी कामाला येते.

पेढी ते वॉर्ड हा शेवटचा टप्पा सर्वांत अंधारातला. सातारा आणि सिंधुदुर्ग येथे आधी प्रायोगिक तत्त्वावर चालवून जानेवारी २०१४ पासून राज्यभर राबवलेल्या जीवन अमृत योजनेत १०४ क्रमांकावर मागणी नोंदवल्यावर मोटारसायकलने शीतपेटीतून रक्त पोहोचवले जाई. ही सेवा पुढे थांबली, पण मागणी, पिशवी आणि पोहोच एका साखळीत आणण्याची तिची कल्पना योग्य होती. एरवी नातेवाईकच थर्माकोलच्या बॉक्सात बर्फाची पाकिटे घालून पिशवी नेतात. लाल पेशी साठवणीत २ ते ६ अंशांत ठेवतात आणि वाटेतही त्या थंड राहायला हव्यात. बारकोडला पिशवी कोणाची हे कळते, वाटेत ती तापली का हे कळत नाही. त्यासाठी बॉक्समध्ये तापमान नोंदवणारे छोटे उपकरण ठेवतात. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या आरएफआयडी चिपचा फायदा असा, की बॉक्समधल्या अनेक पिशव्या बाहेर न काढता एकदम मोजता येतात. मात्र अतिउच्च वारंवारतेच्या (यूएचएफ) लहरी द्रवात शोषल्या जातात, म्हणून रक्तासाठी १३.५६ मेगाहर्ट्झच्या चिपा पसंत करतात. खर्च पाहता तालुक्याच्या रक्त साठवण केंद्राला आज साधा बारकोड आणि तापमानाची नोंद पुरेशी आहे, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे.

वीज आणि पाणी यांचाही विचार हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि शहराचा मोठा भाग पाण्यात होता. तळमजल्यावरचा एकमेव सर्व्हर किंवा एकमेव रजिस्टर अशा वेळी टिकण्याची खात्री नाही. नोंदीची प्रत दुसऱ्या गावी हवीच.

इतर नमुन्यांत क्षयरोगाची निक्षय प्रणाली २०१२ पासून चालू आहे. रुग्णाचा एकच क्रमांक त्याच्या बेडक्याबरोबर आणि औषधोपचाराबरोबर चालतो. २०२० मध्ये करोनाच्या प्रत्येक नमुन्याला एसआरएफ (नमुना पाठवण्याच्या फॉर्मचा) क्रमांक मिळू लागला आणि अहवाल कुठे अडकला हे त्या क्रमांकावरून घरचे लोक विचारू लागले.

मागोव्याची सर्वांत कठीण परीक्षा दाता पुन्हा येतो तेव्हा होते. नियमित दात्याची चाचणी या वेळी बाधित निघाली, तर आधीच्या दानाच्या वेळी संसर्ग नुकताच झालेला आणि म्हणून चाचणीत न दिसलेला असू शकतो. मग त्या जुन्या क्रमांकाच्या लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट कोणाला गेल्या, ते शोधून त्या माणसांना बोलवावे लागते. दात्याचे नाव त्यांना सांगायचे नसते. क्रमांक त्यासाठीच असतो. हा शोध वॉर्डातून परत येणाऱ्या एका चिठ्ठीवर अवलंबून आहे : पिशवी कोणाला लावली, किती वाजता सुरू केली, किती वाजता संपली, थंडी-ताप आला का. रात्रपाळीच्या सिस्टरच्या हाताखाली तीस रुग्ण असतात तेव्हा हीच चिठ्ठी कोरी राहते आणि संगणकात त्या पिशवीपुढे नुसते ‘वाटप केली’ एवढेच दिसते.