वॉटरफॉल की अजाइल, हे ठरवतं कोण?

नव्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या किकऑफला हा प्रश्न येतोच, वॉटरफॉल घ्यायचं, म्हणजे एक टप्पा पुरा करूनच पुढचा, की स्क्रमसारखं अजाइल काहीतरी, म्हणजे थोडं थोडं बनवत आणि बदलत जायचं, की दोन्हीच्या मधलं. नेटवर शोधलं तर जिकडेतिकडे तोच तक्ता, रिक्वायरमेंट, म्हणजे ग्राहकाला काय हवं ते, पक्क्या असतील तर वॉटरफॉल आणि बदलत्या असतील तर अजाइल. तक्ता चुकीचा नाहीये, पण या पद्धती रूढ कशा झाल्या ते बघायला गेलं तर प्रोजेक्टचा स्वभाव बघून कुणी शांतपणे पद्धत निवडलीये असं फारसं दिसत नाही. बहुतेक वेळा पैसे देणाऱ्याने करारात जे लिहिलं त्यातच पद्धत ठरून गेली.

वॉटरफॉलचं खापर ज्यांच्या डोक्यावर फुटतं ते विन्स्टन रॉइस. टीआरडब्ल्यू या अमेरिकन कंपनीत अंतराळयानांची सॉफ्टवेअर बनवण्याचा अनुभव गाठीशी, आणि ऑगस्ट १९७० मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या वेस्कॉन परिषदेत एक छोटा पेपर मांडला. त्यात ती आपल्या सगळ्यांना पाठ असलेली आकृती आहे, सिस्टिम रिक्वायरमेंट, सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट, अॅनालिसिस, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, ऑपरेशन्स, एकाखाली एक सात चौकोन. पण आकृतीच्या लगेच पुढे ते म्हणतात की ही कल्पना मला पटते, पण अशी राबवली तर धोक्याची आहे, अपयशाला आमंत्रण आहे. कारणही साधं देतात. टायमिंग, स्टोरेज, इनपुट-आउटपुट या गोष्टी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळतात त्या टेस्टिंगमध्ये, म्हणजे अगदी शेवटी, आणि तिथे काही फसलं की उडी थेट डिझाइनवर, कधीकधी रिक्वायरमेंटवर. मग वेळ किंवा खर्च शंभर टक्क्यांपर्यंत वाढला तरी आश्चर्य नको.

उपाय म्हणून त्यांनी सांगितलं की पहिल्यांदाच करत असाल तर दोनदा करा. काम ३० महिन्यांचं असेल तर त्यातले १० महिने एका छोट्या पायलट व्हर्जनला द्या, तिथे काय अडतंय ते बघा आणि मग खरं बांधा. ग्राहकालाही अधूनमधून अधिकृतपणे सामील करून घ्या, फक्त शेवटी तोंड दाखवू नका. आता हे वाचून रॉइसना अजाइलचे आजोबा करून टाकायची घाई नको हं, कारण त्याच पेपरात ते ५० लाख डॉलरच्या सॉफ्टवेअरसाठी १,५०० पानांचं स्पेसिफिकेशन साधारण बरोबर असंही लिहितात.

आणि थोडं थोडं करत पुढे जाणं तेव्हा कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या मर्क्युरी प्रोजेक्टवरचे लोक अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या फेऱ्यांत काम करायचे आणि टेस्ट आधी लिहायचे.

मग ती आकृतीच का टिकली? माझ्या मते कारण सरळ आहे, ती आकृती बिलाला चिकटवता येते. बिल्डर कसा प्लिंथला इतके, प्रत्येक स्लॅबला इतके असे हप्ते घेतो, तसं रिक्वायरमेंट डॉक्युमेंटवर सही झाली की एक हप्ता, डिझाइन रिव्ह्यू झाला की दुसरा. सरकारी खरेदी करणाऱ्या बाबूला याहून सोयीचं काय हवं. १९८५ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याने डीओडी-एसटीडी-२१६७ नावाचं स्टँडर्ड काढलं आणि कागदपत्रं-रिव्ह्यू-पुढचा टप्पा ही चाल कंत्राटदारांच्या अंगवळणी पाडली. दोनच वर्षांत संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याच खात्याला सांगितलं की हे बदला, प्रोटोटाइप करा, टप्प्याटप्प्याने वाढवत न्या. १९९४ मध्ये नवं स्टँडर्ड आलं खरं, पण तोपर्यंत अर्ध्या जगाने जुन्याची नक्कल करून ठेवली होती.

आपल्याकडे हे आलं ते आउटसोर्सिंगच्या वाटेने. क्लायंट अमेरिकेत, टीम पुण्यात किंवा बंगळुरूत, एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, मग विश्वास कशावर ठेवायचा, तर सर्टिफिकेटवर. सीएमएम, म्हणजे कंपनीची काम करण्याची पद्धत किती पक्की हे पायऱ्यांनी मोजणारं मॉडेल, कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ज्या संस्थेने बनवलं तिला पैसा त्याच संरक्षण खात्याचा, आणि ९०च्या दशकाच्या शेवटी भारतीय कंपन्यांनी त्यातल्या सगळ्यात वरच्या लेव्हल फाइव्हसाठी रांग लावली. सीएमएम वॉटरफॉलच करा असं कुठेही म्हणत नाही, पण ऑडिटला दाखवायला कागद लागतो, आणि कागद भरभरून देणारी पद्धत कुठली हे सांगायला नको. फिक्स्ड प्राइस करार, साइन-ऑफ, त्यानंतर काही बदल मागितला की सीआर (चेंज रिक्वेस्ट), आणि सीआरचं वेगळं बिल, यातच आपली एक अख्खी पिढी घडली.

अजाइलचा इतिहास सगळ्यांना ठाऊक असतो म्हणून भरभर सांगतो. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका यांनी होंडा, कॅनन वगैरेंच्या प्रॉडक्ट टीम्सवर लिहिताना रग्बीची उपमा वापरली, त्यातून स्क्रम हे नाव, १९९५ मध्ये सदरलँड आणि श्वेबर यांनी ते ऑस्टिनच्या परिषदेत मांडलं, क्रायस्लरच्या पेरोल प्रोजेक्टवर केंट बेकनी एक्सपी, म्हणजे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही अजाइल पद्धत, घडवली, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये १७ जण युटामधल्या स्नोबर्डला जमून अजाइलचा जाहीरनामा लिहून मोकळे झाले. त्या जाहीरनाम्यात एक ओळ कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकासोबत काम करण्याला जास्त किंमत देणारी आहे, आणि ऑफिसच्या भिंतीवर पोस्टर लावून सगळ्यात सोयीस्करपणे विसरली जाणारी ओळही तीच.

तिचं महत्त्व कळायला एफबीआयचं उदाहरण चांगलं आहे. केस फाइल्स कॉम्प्युटरवर आणायच्या म्हणून त्यांनी व्हर्च्युअल केस फाइल बनवायला घेतली, रिक्वायरमेंट डॉक्युमेंट ८०० पानांच्या वर, आणि २००५ मध्ये साधारण १७ कोटी डॉलर घालवून ते गुंडाळलं. पुढचा प्रयत्न सेंटिनेल, २००६ मध्ये लॉकहीड मार्टिनला कंत्राट, चार टप्पे ठरले. २०१० च्या ऑगस्टपर्यंत ४५.१ कोटींपैकी ४०.५ कोटी संपले आणि चारातले दोनच टप्पे हातात. तेव्हा एफबीआयने सूत्रं स्वतःकडे घेतली, टीम लहान केली, दोन दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाच्या छोट्या फेऱ्या, सुरू केले. ठरलेली तारीख तेव्हाही हुकली, पण जुलै २०१२ मध्ये सिस्टिम सगळ्यांसाठी चालू झाली. लोक याला स्क्रमचा विजय म्हणतात. मला वाटतं स्प्रिंट जितके कामाला आले तितकंच निर्णय घेणारा माणूस टीमच्या शेजारी येऊन बसला हेही.

निवडीवर सगळ्यात समंजस काम बॅरी बोहम आणि रिचर्ड टर्नर यांचं, २००३ चं. त्यांनी पाच गोष्टी बघायला सांगितल्या, टीम किती मोठी, चूक झाली तर नुकसान केवढं, रिक्वायरमेंट किती वेगाने बदलतात, माणसं किती तयारीची, आणि तिथल्या लोकांना मोकळीक मानवते की चौकट. पेसमेकरचं सॉफ्टवेअर आणि नव्या स्टार्टअपचं अॅप यांना एकच माप लावायचं नाही, हे त्यातून नीट कळतं. यात मी आपल्या हिशोबाने सहावी गोष्ट टाकतो, पैसे कशावर सुटणार. स्कोप, तारीख आणि रक्कम तिन्ही एसओडब्ल्यूमध्ये, म्हणजे करारातल्या कामाच्या वर्णनात, गोठलेली असतील तर जिरा या कामं नोंदवायच्या टूलचा बोर्ड कितीही रंगीत असो, आत वॉटरफॉलच चालू असतो, आणि रोजच्या स्टँडअप मीटिंगला फक्त उशिराची कारणं सांगितली जातात.

ज्या संरक्षण खात्यापासून हे सगळं पसरलं त्यानेही शेवटी हात घातला तो खरेदीच्या नियमांनाच. २०२० मध्ये त्यांनी सॉफ्टवेअरसाठी वेगळी खरेदीची वाट काढली, आणि तिच्यात अट अशी की पहिला पैसा लागल्यापासून वर्षाच्या आत वापरण्याजोगं काहीतरी चालवून दाखवायचं.