ट्युलिपचा नाद सोडा, कांचन लावा

नागपूरच्या अंगणात फेब्रुवारी-मार्चमध्ये बहर हवा असेल तर जमिनीत कांचन लावावा आणि अ‍ॅमॅरिलिस लिलीचे कंद कुंडीत ठेवावेत. ट्युलिप इथे रुजतो, पण धड फुलत नाही.

ट्युलिपच्या कंदात कळी आधीच तयार असते. तिचा दांडा लांब व्हायला मात्र साधारण ९ अंशांखालची १२ ते १६ आठवड्यांची थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीतल्या रात्री गारठतात, पण दुपारी पारा पुन्हा चढतो. मग कळी पानांतच खुंटते. फ्रिजमध्ये थंडी देता येते. पण शेजारी सफरचंदं-केळी असली तर त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळी आतल्या आत मरते.

कांचनाला अशा थंडीची गरज नाही, त्याला हवी कोरड. पानं गळली की त्यांतून उडून जाणारं पाणी वाचतं, फांद्या पुन्हा ओलावतात आणि कळ्या फुटतात. पळसाचंही तसंच, पण तो सावकाश वाढतो. म्हणून जम बसलेल्या कांचनाचं पाणी डिसेंबरपासून तोडायचं. लॉनमध्ये रोज पाणी पिणारा कांचन हिरवागार राहतो, फुलतो मात्र कमी. घरोघरी होणारी चूक हीच. दुसरी चूक हिवाळ्यातल्या छाटणीची: तेव्हा कळ्याच कापल्या जातात. छाटणी बहर संपल्यावर करावी.

लागवड पहिल्या दमदार पावसानंतर. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा. मातीत दोन घमेली शेणखत. भिंतीपासून १५ फूट तरी दूर, कारण काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि झाड तिच्यातलं उरलंसुरलं पाणी ओढून पायाजवळची जमीन आणखी आकसवतं. पहिले दोन उन्हाळे, विशेषतः नवतप्यात (मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटं थर हवाच.

जागाच नसेल तर अ‍ॅमॅरिलिस लिली उत्तम. नुसत्या काळ्या मातीत पाणी साचून तिचा कंद मऊ पडतो, सडतो. माती, जाड वाळू, शेणखत समप्रमाणात घ्या. आठ-दहा इंची कुंडीत कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग उघडा ठेवा. नोव्हेंबरच्या अखेरीपासून आठ आठवडे पाणी बंद. फेब्रुवारीत एकदा भरपूर द्या, मग दांडा दिसेपर्यंत बेतानेच. फुलल्यावर दांडा कापा, पानं नको: पुढच्या वर्षीची कळी त्यांच्याच अन्नावर घडते.